सतरंजीवर वाळलेले वॉर्निश व रंग काढण्याची रीत

वारणा खोऱ्यात उसाचा गळीत हंगाम आटोपला की घरदुरुस्तीची कामे निघतात. दारे-खिडक्यांना तेलरंग दिला जातो, देव्हाऱ्याला व कपाटाला पॉलिश होते. पुढे बेंदूर आला की बैलांची शिंगे रंगतात. वारणानगर परिसरातील अनेक घरांत आता सोप्यात सतरंजी अथवा जमखाना, बैठकीत गालिचा व आतल्या खोलीत घोंगडे अंथरलेले असते. अशा वेळी ब्रशातून ओघळलेला थेंब कोणाच्या ध्यानात येत नाही आणि चार दिवसांनी तेथे कडक, चकाकणारा डाग दिसू लागतो. मग कोणी त्यावर रॉकेल ओततो, कोणी धुण्याच्या सोड्याने घासतो. डाग तसाच राहतो आणि अंथरुणाचा रंग किंवा पोत मात्र जातो. कित्येकदा याहून मोठा धोका संभवतो, तो आगीचा. म्हणून हे काम पद्धतशीर रीतीने करणे हिताचे ठरते.

डाग कशाचा आहे?

सर्व डाग एकाच द्रवाने निघत नाहीत, याचे कारण ते निरनिराळ्या रीतीने वाळलेले असतात. सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख होय. स्पिरिट उडून गेले की लाखेचा पापुद्रा मागे राहतो. त्यावर पुन्हा स्पिरिट घातले असता तो कितीही दिवसांनी विरघळतो. हे स्पिरिट म्हणजे साखर कारखान्यातील मळी आंबवून काढलेला मद्यार्कच असतो. मात्र त्यात विषारी द्रव्ये मिसळून तो पिण्यास अयोग्य केलेला असतो.

तेलरंग व जवसाच्या तेलाचे वॉर्निश यांची गोष्ट वेगळी आहे. हे तेल केवळ सुकत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते व त्याचे कण एकमेकांत गुंतून कडक पापुद्रा बनतो. हा पापुद्रा पुन्हा विरघळत नाही, फक्त मऊ पडतो. म्हणून ताजा डाग टर्पेंटाइनने सहज निघतो, जुना मात्र थराथराने खरवडावा लागतो. लॅकर व नखांचा रंग थिनरने विरघळतात. भिंतीचा पाण्यात कालवावयाचा प्लॅस्टिक रंग वाळल्यावर पाण्याने निघत नाही, परंतु स्पिरिटने मऊ होतो.

डाग कशाचा ते ठाऊक नसल्यास पांढऱ्या सुती चिंधीवर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन डागावर दाबून धरावे. चिंधीला तांबूस चिकटपणा लागला तर ती लाख समजावी. काहीच न उतरल्यास टर्पेंटाइनने व शेवटी थिनरने तशीच परीक्षा घ्यावी.

अंथरूण कशाचे आहे?

ही दुसरी परीक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. काठाचा एक धागा उपटून, बाटल्या उघडण्यापूर्वी व घराबाहेर, चिमट्यात धरून पेटवावा. जळक्या कागदासारखा वास येऊन मऊ राख झाली तर तो सुताचा किंवा तागाचा, जळक्या केसांसारखा वास आला तर लोकरीचा, आणि वितळून कडक मणी बनला तर कृत्रिम धागा समजावा.

सुती सतरंजीला स्पिरिट व टर्पेंटाइन दोन्ही सोसतात, मात्र तिचे भडक रंग स्पिरिटने फुटू शकतात. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीसारख्या गावी विणलेल्या लोकरी घोंगड्याला धुण्याचा सोडा व उकळते पाणी कधीही लावू नये, कारण क्षाराने लोकर कमजोर होते आणि उष्ण पाण्यात घासल्याने ती आटते. कृत्रिम धाग्याच्या गालिच्याला टर्पेंटाइन वा थिनरने फुगवटा येण्याचा संभव असतो. गालिच्याच्या पाठीला रबराचा लेप असेल तर तोही सुटतो. म्हणून कोणताही द्रव प्रथम मागील कोपऱ्यात लावून दहा मिनिटे थांबावे. रंग उतरला किंवा धागा चिकट झाला तर तो द्रव वापरू नये.

प्रत्यक्ष कृती

१. अंथरूण बाहेर मोकळ्या हवेत, सावलीत न्यावे. डागाखाली फळी व तीवर जुन्या कापडाची घडी ठेवावी.

२. बोथट सुरीने वरचा कडक थर हलकेच खरवडावा. जाड थेंबावर बर्फाची पिशवी ठेवल्यास तो ठिसूळ होऊन तुटतो. रंग फार जुना असेल तर त्यात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. तो ओलसर ठेवूनच काढावा व मुलांना दूर ठेवावे.

३. योग्य द्रव डागावर न ओतता चिंधीवर घ्यावा. डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जावे, घासू नये. घासल्याने विरघळलेले पॉलिश धाग्यात आणखी खोल जाते.

४. चिंधी मळली की बदलावी. जुन्या तेलरंगावर टर्पेंटाइनची चिंधी पंधरा-वीस मिनिटे ठेवून मऊ झालेला थर खरवडावा व पुन्हा तेच करावे.

५. शेवटी रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने टिपून स्वच्छ पाण्याची चिंधी फिरवावी. तागाची पाठ असलेला गालिचा चिंब भिजवू नये, कारण तागाचा तपकिरी रंग वर येतो. सर्व अंथरुणे सावलीत वाळवावीत.

तीन-चार वेळा करूनही डाग हलला नाही तर थांबावे. लोकरीच्या दाट गालिच्यावर डागलेल्या धाग्यांची टोके कात्रीने कापणे हे अधिक जोर लावण्यापेक्षा बरे.

आगीपासून सावधगिरी

स्पिरिट व थिनर यांची वाफ साध्या हवेतही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत किंवा देवाजवळच्या समईपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम स्वयंपाकघराजवळ करू नये आणि काम चालू असताना विडी ओढू नये.

दुसरा धोका कमी जणांना ठाऊक असतो. जवसाच्या तेलाने किंवा तेली वॉर्निशने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर हवेशी संयोग होताना त्या आपोआप तापतात व काही तासांत पेटूही शकतात. अशा चिंध्या कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा पाचटाच्या ढिगाजवळ टाकणे म्हणजे वर्षभराची वैरण धोक्यात घालणे होय. त्या उघड्यावर सुट्या पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. उरलेला द्रव विहिरीजवळ वा जनावरांच्या पाणवठ्याजवळ ओतू नये. स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि भरू नये. बाटलीवर नाव लिहून ती कुलपात ठेवावी.

डाग न पडू देणे

रंगकामापूर्वी अंथरुणे उचलून खताची रिकामी, धुतलेली पोती पसरावीत. शिंगे अंगणातच रंगवावीत. तरीही थेंब पडलाच तर तो पुसू नये. चमच्याच्या कडेने उचलून लगेच योग्य द्रवाने टिपावा. त्याच दिवशी केलेल्या पाच मिनिटांच्या कामाने पुढची बरीच मेहनत वाचते व अंथरुणाचे आयुष्यही वाढते.