तळ्याकाठची वाट

प्रश्न : हैदराबादला आमच्या कॉलनीमागे तळं आहे, पण भिंतीमुळे काठावर जाता येत नाही. काय करावं?

उत्तर : आधी ‘एफटीएल’ बघा, म्हणजे तळं काठोकाठ भरल्यावर पाणी येतं ती रेषा. एचएमडीएच्या, म्हणजे हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या, नकाशांत ती मिळते. उन्हाळ्यात नुसत्या नजरेने ठरवू नका. पाणी आटलं की भिंत अगदी निरागस दिसते! २०१२ च्या शासन आदेशानुसार १० हेक्टर आणि त्याहून मोठ्या तळ्याभोवती एफटीएलपासून ३० मीटर हरितपट्टा राखायचा असतो. तिथे मनोरंजनाखेरीज बांधकाम चालत नाही. भिंत त्यात असेल तर ‘हायड्रा’ या तळ्यांवरची अतिक्रमणं हटवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे फोटोंसह तक्रार द्या. मात्र पट्टा मोकळा झाला म्हणून वाट आपोआप मिळत नाही. पायवाटेची मागणी महापालिकेकडे वेगळी करा.