समुद्रसपाटीखाली गोल्फ

प्रश्न : नाताळात आम्ही डेथ व्हॅलीत तंबू ठोकणार आहोत. तिथे हौसेखातर गोल्फ खेळता येईल का? सगळे नवशिके आहोत. (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : जरूर येईल. कॅलिफोर्नियातील फर्नेस क्रीकचे १८ होलचे मैदान समुद्रसपाटीच्या २१४ फूट खाली आहे आणि तंबूंचा तळही जवळच आहे. त्या तळावरची जागा मात्र हिवाळ्यात आधीच राखून ठेवावी लागते.

इतक्या खोलवर हवा दाट असल्याने चेंडू कमी लांब जातो, असे खेळाडू सांगतात. प्रत्यक्षात ६५ मीटरने पडणारा फरक नगण्य असतो. फटका चुकला तर दोष हवेला देऊ नये!

नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. किमान संख्येचे बंधन नाही. नवशिक्यांना एक हायब्रिड, सातचे आयर्न, वेज आणि पटर एवढे पुरे. गाडीतली जागाही वाचते.

डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणून सकाळी नऊच होल खेळावेत. मागून वेगवान खेळाडू आले तर त्यांना पुढे जाऊ द्यावे.

उन्हाळ्यात मात्र हा बेत नको. १० जुलै १९१३ रोजी इथेच ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.