गर्भिणी परिचर्या आणि भ्रमणध्वनी : मातेची खरी गरज

गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या आपणां सर्वांस परिचित आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात पहिल्यापासून नवव्या महिन्यापर्यंतचा आहारोपचार क्रमाने दिलेला आहे. त्या त्या वेळी लागेल तेवढेच सांगावे, हे त्यातील व्यावहारिक सूत्र होय.

आजच्या भ्रमणध्वनी सेवाही याच सूत्राने चालतात. मुंबईच्या 'अरमान' संस्थेने २०१४ साली 'एममित्र' ही विनामूल्य ध्वनिसंदेश सेवा सुरू केली. केंद्र शासनाची 'किलकारी' सेवा २०१६ साली सुरू झाली व २०२४ साली महाराष्ट्रात आली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बालक वर्षाचे होईपर्यंत तीत दर आठवड्यास एक, असे ७२ संदेश ऐकवले जातात. स्मार्टफोन व वाचन यांची अट असलेल्या अॅपच्या तुलनेत असा संदेश साध्या फोनवरही पोहोचतो. तथापि गोंदिया तालुक्यातील नागरा व परिसरातील मातेचा विचार करता पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

१) फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा फोन देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. नोंदविलेला क्रमांक पतीचा असल्यास संदेश त्याच्यासोबत कामावर जातो. म्हणून पती व सासू यांनाही उद्देशून संदेश हवेत.

२) वेळ व भाषा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत स्त्री दिवसभर बांधीत असते. तिने निवडलेल्या वेळी फोन यावा. घरात पोवारी, गोंडी वा हिंदी बोलणाऱ्या मातेस केवळ ग्रांथिक मराठी पुरेशी नाही.

३) स्थानिक व्याधी. पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. गर्भिणी वाहक असल्यास पतीचीही तपासणी आवश्यक असते. हे सर्वसाधारण संदेशात पुरेसे येत नाही.

४) उत्तर देणारा माणूस. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर सूज, झटके, अंगावरून पाणी जाणे, गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पुढचा संदेश येईपर्यंत थांबणे घातक ठरते. तेथे १०२ वा १०८ ची रुग्णवाहिका व तत्काळ रुग्णालय हाच मार्ग होय. आपणही अशा वेळी घरगुती उपचारात वेळ दवडू नये.

सुश्रुतांनी चौथ्या महिन्यातील गर्भिणीस 'दौहृदिनी' म्हटले असून तिच्या इच्छेचा अवमान करू नये, असे सांगितले आहे. नेमक्या त्याच महिन्यात 'किलकारी' बोलू लागते. परंतु ती बोलते, ऐकत नाही. ऐकण्याचे काम आशाताई, परिचारिका व आपण वैद्य यांचेच आहे. म्हणून प्रत्येक गर्भिणीस तपासणीच्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : नोंदविलेला क्रमांक कोणाजवळ असतो? या आठवड्यात काय ऐकले? त्यातील काय करता आले नाही? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच आपल्या चिकित्सेस दिशा मिळेल, असे आम्हांस वाटते.