अर्थ नसलेल्या शब्दांचे गाणे

मुलांनो, आपल्या हिंजवडीत एका वरातीत बँडवाले 'ईना मीना डीका' वाजवत होते. तुमच्यापैकी काही जण नाचतही होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, "या शब्दांचा अर्थ काय?" सगळा वर्ग गप्प! खरे म्हणजे मलाही सांगता आला नसता, कारण या शब्दांना अर्थच नाही.

हे गाणे १९५७ सालच्या 'आशा' या चित्रपटातील आहे. संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचा जन्म १९१८ साली पुणतांबे या गावी झाला. ते पुण्यात शास्त्रीय संगीत शिकले. १९६३ साली गाजलेल्या 'ऐ मेरे वतन के लोगो' या गाण्याची चालही त्यांचीच.

पण या गाण्याचा बाज जॅझचा आहे. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेले संगीत. ते मुंबईत कसे आले? १९३५ साली लिऑन ॲबी हे अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यासारख्यांचे वादन ऐकून गोव्याचे वादकही जॅझ वाजवू लागले. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, म्हणून कागदावर लिहिलेले संगीत त्यांना झरझर वाचता येई. हे वादक रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. त्यांपैकी अँतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत. काय गोड नाव!

जॅझमध्ये गायक कधी कधी शब्द सोडून देतो आणि नुसते ध्वनी गातो. त्याला 'स्कॅट' म्हणतात. तुम्हांला हे नवे वाटायला नको. आपल्या तराण्यातही असेच बोल असतात, आणि तराण्याचा संबंध हजरत अमीर खुसरो यांच्याशी जोडला जातो.

असे सांगतात, की संगीतकारांच्या खोलीबाहेर मुले खेळत होती. राज्य कोणावर, हे ठरवण्यासाठी तुम्ही 'अडम तडम' म्हणता ना? तसे ती मुले इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. सी. रामचंद्रांनी ते पकडले. त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली. त्यांचा अर्थ मात्र साधा आहे : 'मला नको'! गीतकार राजेंद्र कृष्ण यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या जलालपूर जट्टांचा. एक गाणे किशोर कुमार यांनी गायले, दुसरे आशा भोसले यांनी.

१९९४ साली तर याच नावाचा चित्रपट निघाला. गाणे इतके गाजले; पण त्या काळी चित्रपटाच्या नामावलीत वादकांची नावे सहसा येत नसत. पडद्यावर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, आणि वादक? मला ही गोष्ट फार खटकते.

आता ही दोन्ही गाणी ऐका. गायक थांबले की मधे कोणकोणती वाद्ये वाजतात, ती ओळखून वहीत लिहून आणा.