डाळिंबाची चिरलेली फांदी



सात रस्त्याच्या गजबजाटातून आमच्या शाळेच्या आवारात शिरताच डाळिंबाचे एक कोवळे झाड दृष्टीस पडते. गेल्या पावसाळ्यात अडकलेला चेंडू काढताना एका मुलाने त्याची मोठी फांदी ओढली व ती खोडाच्या सांध्यापाशी चिरली. मुलगा भ्यालेला होता. तरी दुसऱ्याच तासास त्याने स्वतः येऊन आम्हांस ही गोष्ट सांगितली. त्याचे हे तत्काळ सांगणे किती मोलाचे होते, हे पुढे दिसेल.

सोलापूर जिल्हा डाळिंबाकरिता प्रसिद्ध आहे. केगाव येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. आपल्याकडे डाळिंबास एकच खोड न ठेवता तीन-चार खोडे राखून वळण देण्याची रीत आहे. कारण किडीने एक खोड गेले तरी इतरांवर झाड तगते. आमच्या झाडास तीन खोडे होती. त्यांपैकी एकाची मुख्य फांदी लोंबत होती, परंतु सालीचा अर्धाअधिक भाग शाबूत होता.

साल व लाकूड यांच्या मध्ये कागदाहून पातळ असा एक ओलसर जिवंत थर असतो. नवे लाकूड व नवी साल तोच निर्माण करतो. तो ओला आहे तोवरच चिरलेले भाग जुळण्याची आशा. उन्हाने तो वाळला, की सर्व श्रम व्यर्थ. म्हणून आम्ही तास थांबवून मुलांसह बाहेर आलो.

प्रथम फांदीचा भार हलका केला. टोकाकडील काही डहाळ्या व सर्व फळे काढली. तेल्या रोगाचे जंतू हत्यारांबरोबर पसरतात, म्हणून चाकू आधी जंतुनाशकाने पुसून घेतला. चिरेतील माती व सुटे तंतू काढून दोघांनी फांदी हळूहळू उचलली व चीर पूर्ण मिटवली. मग जुन्या धोतराची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळली आणि बांबूचा टेकू दिला. चिरेच्या आत माती, शेण किंवा मलम काहीच भरले नाही; मध्ये परका पदार्थ आला, तर जिवंत थर एकमेकांस भेटणार कसे?

बांधण्याइतकेच सोडणेही महत्त्वाचे आहे. खोड जाडीने वाढते. पट्टी तशीच राहिल्यास तिचाच फास होतो. आम्ही दर पंधरवड्यास ती पाहून सैल करीत गेलो. आज तेथे एक उंचवटा दिसतो व फांदीस नवी पालवी आहे.

तथापि जखम भरली म्हणजे पूर्ववत झाली, असे मानू नये. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे चिरून पाहिली व १९७७ साली दाखवून दिले, की झाड दुखावलेले लाकूड दुरुस्त करीत नाही. त्याभोवती जणू भिंती उभारून त्यावर नवे लाकूड चढवते. आतील चीर कायमच राहते. यास्तव या फांदीवर यंदा आम्ही फळ धरणार नाही व टेकूही काढणार नाही.

फांदी पार फाटून केवळ सालीच्या चिंधीवर लोंबत असेल, तर मोह सोडून ती सांध्यापाशी स्वच्छ कापावी. डाळिंबाच्या बुडापासून पुष्कळ फुटवे येतात. एरवी ते काढून टाकतात. अशा वेळी त्यांतील एक जोमदार फुटवा राखून रिकाम्या जागी वळवावा. झाडाचा तोल पुन्हा साधतो.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या हातून काही मोडले, तर त्यास प्रथम विचारावे, "केव्हा मोडले?" शिक्षेच्या भीतीने आमच्या त्या विद्यार्थ्याने सायंकाळपर्यंत मौन धरले असते, तर फांदी वाचली नसती. आता रोज सकाळी त्या झाडास पाणी तोच घालतो. आम्ही त्यास तसे सांगितलेले नाही.