बर्फाची खोली बांधताना थर्माकोल कसा लावावा?

नवेगाव बांधच्या तलावातली असो की अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या मामा तलावातली, मासळी गोंदिया-नागपूरच्या बाजारात पाठवायची तर उन्हाळ्यात मोठा खर्च बर्फाचाच. दुकानामागच्या साध्या खोलीत बर्फ ठेवला, वर भुसा-पोती टाकली, तरी बराचसा पाणी होऊन मोरीला जातो.

हिशेब पाहू. बाहेर 40 अंश आणि आत बर्फ असताना 9 इंची विटांच्या भिंतीतून दर चौरस फुटाला दिवसाकाठी सुमारे 2 किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता आत येते. त्याच भिंतीला आतून 4 इंच थर्माकोल लावला तर हा आकडा 300 ग्रॅमवर येतो. छप्पर आणि जमीनही विसरू नये.

पण पैसे खर्चूनही खोली फसते, ती एका चुकीने. गवंडी थर्माकोल भिंतीला चिकटवतो आणि प्लॅस्टिकचा कागद वरून, खोलीच्या बाजूने लावतो. अमेरिका-कॅनडात घराच्या तळघराला आतून फोम लावतात तेव्हा घरातली उबदार, दमट हवा थंड भिंतीपर्यंत जाऊ नये हे पाहतात. आपल्याकडे उबदार बाजू बाहेरची आहे. म्हणून जाड पॉलिथिन किंवा डांबराचा थर भिंत आणि थर्माकोल यांच्या मध्ये हवा. तो आतल्या बाजूला गेला की पावसाळ्याची वाफ थर्माकोलमध्ये शिरून तिथेच पाणी धरते, आणि ओला थर्माकोल उष्णता अडवत नाही. सादळलेली भिंत आधी पूर्ण वाळू द्यावी, हे वेगळे सांगायला नको.

माल घेताना पॅकिंगचा हलका थर्माकोल घेऊ नये. आय.एस. 4671 या भारतीय मानकात त्याचे घनतेनुसार प्रकार दिले आहेत. आमच्या मते घनमीटरला 20 किलोचा माल योग्य. दुकानातच तराजूवर पाहावे : 1 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, 5 सेंटिमीटर जाड पाटी 500 ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. 375 ग्रॅम भरली तर तो 15 किलोचा माल आहे, आणि भाव त्याचाच द्यावा.

चार इंचांची एक पाटी न लावता दोन इंचांचे दोन थर लावावेत, आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. फटीतून गरम हवा गेली तर जाडीचा उपयोग नाही. रबर सोल्युशनसारखा पेट्रोलजन्य गोंद थर्माकोल खातो. उकळते डांबरही त्याला वितळवते. पाणी जाण्याच्या नळीला खाली वाक द्यावा, म्हणजे त्यात पाणी साचून गरम हवा आत येणार नाही. दाराला रबराची पट्टी हवीच.

शेवटी वरून जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करावा. थर्माकोल भडकन पेटतो व काळा धूर सोडतो. म्हणून दाराच्या चौकटीचे वेल्डिंग थर्माकोल लावण्याआधीच उरकून घ्यावे, आणि विजेची वायर पाइपातूनच न्यावी.