सार्वजनिक आरोग्याची पदवी : खर्च आणि भवितव्य

बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आमच्या बेंबळीत सहसा तीनच उत्तरे मिळतात : बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा शेती. गेले वर्षभर मी चौथ्या उत्तराचा विचार करीत आहे. ते म्हणजे सार्वजनिक आरोग्य या विषयातील एम.पी.एच. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. घरची जमीन कोरडवाहू, तेव्हा विचार हिशेबानेच करावा लागतो. तो हिशेब विद्यार्थीमित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

डॉक्टर आजारी माणसाला तपासतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक गाव आजारी का पडते ते तपासतो. पिण्याचे पाणी, पोषण, बालविवाह, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे सारे त्याच्या अभ्यासात येते. म्हणूनच समाजशास्त्र वा अर्थशास्त्र शिकलेल्यालाही येथे वाव आहे. तुळजापूरच्या शाखेमुळे आपल्या परिचयाची झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत हा विषय शिकवते.

या विद्येचे चीज महाराष्ट्रात झालेले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही पदवी घेतली आणि १९७० साली शेजारच्या जामखेडला काम सुरू केले. गावच्या स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग तेथूनच शिकून गडचिरोलीला गेले. घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

परंतु हे चौघेही आधी डॉक्टर होते. त्यांच्यासाठी ही पदवी कळस होती. कला शाखेच्या विद्यार्थ्यासाठी तीच पाया ठरणार. तिच्या बळावर औषध लिहून देता येत नाही. नोकऱ्या मिळतात त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात, स्वयंसेवी संस्थांत व संशोधन प्रकल्पांत. त्यांतील पुष्कळशा कंत्राटी असतात आणि काही जागांसाठी वैद्यकीय पदवीच लागते.

आता खर्च पाहू. समजा, तीन लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले, तर पाच वर्षे दरमहा सुमारे ६,४०० रुपये हप्ता बसतो; शिकत असतानाचे व्याज वेगळेच. पहिला पगार वीस हजार धरला, तर जवळजवळ एक तृतीयांश हप्त्यातच जातो. शिवाय दोन वर्षांची कमाई बुडते. दरमहा दहा हजार धरले तरी ती २,४०,००० रुपये होते. शिष्यवृत्तीचा आधार आहे, पण ती केव्हा हाती पडते व तोवर शुल्क कोण भरणार, हे आधी विचारावे. शुल्कसवलत बंद झाल्यामुळे २०१८ साली टाटा संस्थेतील विद्यार्थ्यांना संप करावा लागला होता.

माझा निष्कर्ष असा : प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारावा — डॉक्टर नसलेले तुमचे विद्यार्थी आज कोठे व किती पगारावर आहेत? उत्तर स्पष्ट नसेल, तर जमीन गहाण ठेवून तेथे जाऊ नये. शासकीय अनुदानावरील संस्थेत, शिष्यवृत्तीसह जागा मिळाली, तर मात्र मी जाईन. न मिळाल्यास वर्षभर एखाद्या आरोग्यसंस्थेत गावोगाव सर्वेक्षणाचे काम करून पुन्हा प्रवेशपरीक्षा देईन. त्या वर्षात निदान हे काम आपल्याला झेपते की नाही, एवढे तरी कळेल.